स्ट्रासबर्गचा निकाल मराठवाड्याच्या कोर्टात कुठवर पोचतो?

ऊसतोड मजुरांच्या याचिकेत "युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं असं म्हटलं आहे" हे वाक्य आलं की सरकारी वकिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ते न्यायालय आपल्याला बंधनकारक आहे का? नाही. पण वाद तिथं मिटत नाही. बंधनकारक नसलेला निकालही एखाद्या शब्दाचा अर्थ लावायला कामी येतो, आणि बरेच खटले शब्दाच्या अर्थावरच जिंकले किंवा हरले जातात. 'सक्तीचं काम' कशाला म्हणायचं? 'ऐपत असून पैसे दिले नाहीत' याचा अर्थ काय? मजुरानं बाँडवर अंगठा दिला, म्हणजे तो राजीखुशीनं आला असं धरायचं का? बाहेरच्या निकालांचा उपयोग अशा ठिकाणी होतो.

मानवी हक्कांची प्रादेशिक न्यायालयं जगात तीन आहेत. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं युरोपीय न्यायालय १९५९ पासून चालू आहे आणि आज ४६ देश त्याच्या कक्षेत येतात. कोस्टारिकातल्या सान होसेचं आंतर-अमेरिकी न्यायालय १९७९ चं. तिसरं आफ्रिकी न्यायालय, टांझानियातल्या अरुशा शहरात. आशियात असं एकही न्यायालय नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला, पण व्यक्तीला त्या करारावर देखरेख करणाऱ्या जिनिव्हाच्या समितीकडे थेट तक्रार करू देणारा जोडकरार स्वीकारला नाही. त्यामुळं परभणीच्या माणसाला तालुका कोर्ट, औरंगाबाद खंडपीठ आणि दिल्ली हीच वाट आहे. मानवी हक्क आयोगाकडे जाता येतं, पण तिथं घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. ही मुदत लोकांच्या ध्यानात राहत नाही आणि चांगली तक्रार वाया जाते.

एका निकालात दोन गोष्टी

अशा न्यायालयाच्या प्रत्येक निकालात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे कोण जिंकलं, कोण हरलं, भरपाई किती. ही फक्त त्या खटल्यातल्या पक्षांना लागू होते. स्ट्रासबर्गचं न्यायालय ज्याचा अर्थ लावतं त्या युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम ४६ तेवढंच बंधन घालतं आणि तेही त्या देशावर. दुसरी गोष्ट म्हणजे करारातल्या शब्दांचा न्यायालयानं लावलेला अर्थ. 'आयर्लंड विरुद्ध युनायटेड किंगडम' या १९७८ च्या खटल्यात स्ट्रासबर्गनं हे उघड मांडलं: आमचे निकाल समोरचा तंटा मिटवण्यापुरते नाहीत, करारातले नियम उलगडून सांगणं, जपणं आणि पुढं नेणं हेही त्यांचं काम आहे. म्हणून ग्रीसविरुद्धचा निकाल पोलंडचे न्यायाधीशही वाचतात.

याला कारण करारांची भाषा. ती मुद्दाम मोजकी असते. "कोणालाही सक्तीचं किंवा बळजबरीचं काम करायला लावू नये", एवढ्यावर युरोपीय करार थांबतो. सक्ती म्हणजे चाबूक, की उपासमारीची भीती, की अंगावरचं कर्ज, हे त्यात लिहिलेलं नाही. ते खटल्यामागून खटल्यात ठरत गेलं. १९७८ च्याच 'टायरर' खटल्यात न्यायालयानं म्हटलं की करार आजच्या परिस्थितीच्या उजेडात वाचायचा. पुढच्या वर्षी 'एअरी' खटल्यात सांगितलं की हक्क कागदावर दिसून भागत नाही, तो प्रत्यक्ष वापरता आला पाहिजे. वकील परवडत नाही म्हणून ज्या बाईला कोर्टाचं दार बंद झालं होतं, तिचा तो खटला होता. मानवी हक्कांच्या निकालांमध्ये या दोन सूत्रांचा आधार सतत घेतला जातो.

आपल्याकडचा नियम

भारतात आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा होत नाही. त्यासाठी संसदेनं अनुच्छेद २५३ खाली कायदा करावा लागतो. अनुच्छेद ५१ चा खंड (ग) राज्यसंस्थेला आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखायला सांगतो, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत बसतो. या दोन तरतुदींच्या मधली वाट सर्वोच्च न्यायालयानं काढली. देशाचा कायदा स्पष्ट आणि कराराच्या उलट असेल तर कायदाच चालतो, हे १९८४ च्या ग्रामोफोन कंपनीच्या खटल्यात आलं. कायद्याचे दोन अर्थ निघत असतील तर कराराशी जुळणारा अर्थ घ्यायचा. आणि कायदाच नसेल तर मूलभूत हक्काच्या आधारानं करार ती पोकळी भरू शकतो. १९९७ मध्ये 'विशाखा' खटल्यात कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत असंच झालं.

मधला नियम जवळून बघण्यासारखा आहे, कारण तो थेट कर्जाशी जोडलेला आहे. 'जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन', ४ फेब्रुवारी १९८०. बँकेनं हुकूमनामा मिळवला, वसुलीची दरखास्त लावली आणि कर्जदाराला दिवाणी कैदेत टाकायचं वॉरंट काढून घेतलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५१ म्हणतं की हुकूमनाम्याच्या तारखेनंतर ऋणकोकडे, म्हणजे कर्जदाराकडे, पैसे भरायची ऐपत 'आहे किंवा होती', आणि तरी त्यानं भरले नाहीत, तर अटक करता येते. हे अक्षरशः वाचा. हुकूमनाम्यानंतर एका हंगामात सोयाबीनचे चार पैसे हातात आले, ते दवाखान्यात गेले, पुढचं पीक पावसानं नेलं. तरीही 'ऐपत होती' असं म्हणून त्या शेतकऱ्याला आत घालता येतं. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं अनुच्छेद ११ मात्र सांगतं की केवळ आपसातल्या व्यवहाराच्या करारातून आलेली देणी फेडता येत नाहीत म्हणून कुणालाही तुरुंगात टाकू नये. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन्ही समोर ठेवले. करार हा भारतातला कायदा नाही हे मान्य केलं, पण कलम ५१ चा अर्थ त्याच्याशी जुळेल असा लावला: पैसे न देणं पुरेसं नाही, त्यामागं खोट असली पाहिजे. प्रकरण नव्यानं चौकशीसाठी खाली पाठवलं.

दरखास्तीत आदेश २१ नियम ३७ ची, म्हणजे 'तुम्हाला कैदेत का टाकू नये' अशी, नोटीस हातात पडली तर आजही याच निकालाचा आधार घ्यायचा असतो. नुसतं "पैसे नाहीत" असं सांगून चालत नाही. ऐपतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: सातबारा, पीक नुकसानीचा पंचनामा, पासबुकाच्या नोंदी, दवाखान्याची बिलं, आणि मिळालेले पैसे कुठं गेले याचा हिशेब. रक्कम दोन हजार रुपयांपर्यंत असेल तर कैद होत नाही. पाच हजारांपर्यंत जास्तीत जास्त सहा आठवडे आणि त्यावर तीन महिने. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अशी अटक करताच येत नाही. पण सावकारानं किंवा पतसंस्थेनं कोरा चेक घेऊन ठेवला असेल आणि तो वटला नसेल, तर खटला फौजदारी होतो. 'जॉली जॉर्ज'चा बचाव तिथं तसाच्या तसा चालत नाही. इथं भल्याभल्यांची गल्लत होते.

स्ट्रॉबेरीचं शेत आणि उसाचा फड

आता थेट परदेशी निकालाकडे. ३० मार्च २०१७, 'चौधरी आणि इतर विरुद्ध ग्रीस', अर्ज क्रमांक २१८८४/१५. ग्रीसमधल्या मानोलादा गावात बांगलादेशातून आलेले ४२ मजूर स्ट्रॉबेरी तोडत होते. सात तासांना २२ युरो मजुरी ठरली होती. प्रत्यक्षात बारा तास काम, हत्यारबंद राखणदार, आणि मजुरी थकलेली. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी पैसे मागितले तेव्हा राखणदारांनी गोळ्या झाडल्या आणि बरेच जण जबर जखमी झाले. ग्रीसच्या कोर्टानं माणसांच्या व्यापाराच्या आरोपातून आरोपींना सोडलं. मजूर आपखुशीनं आले होते, कामाबाहेरच्या वेळेत हिंडू-फिरू शकत होते, अशी त्याची कारणं होती.

स्ट्रासबर्गनं ती मानली नाहीत. निकालाच्या ९६ व्या परिच्छेदाचा आशय असा: मालक आपल्या ताकदीचा गैरवापर करून किंवा मजुरांच्या अगतिकतेचा फायदा घेऊन त्यांना राबवत असेल, तर ते मजूर स्वेच्छेनं काम देत नाहीत; सुरुवातीला दिलेला होकार एकट्यानं पुरेसा नाही. हिंडता-फिरता येतं एवढ्यानंही सक्ती नव्हती असं होत नाही. ग्रीस सरकार हरलं, कारण तिथं काय चाललंय याची कुणकुण अधिकाऱ्यांना गोळीबाराआधीच होती आणि त्यांनी पुरेशी पावलं उचलली नव्हती.

बीड, धारूर, केज, पाटोदा या भागातून दसरा-दिवाळीनंतर जी कुटुंबं ऊसतोडीला फडावर जातात, त्यांच्या बाबतीत हाच वाद वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, म्हणतो, मी कुणाला बांधून आणलं नाही, उचल (आगाऊ रक्कम) मोजून घेतली, बाँडवर सह्या आहेत. कारखाना म्हणतो, आमचा व्यवहार मुकादमाशी, मजुराला आम्ही ओळखत नाही. मजूर म्हणतो, कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) आजारी पडला की खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात, हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि दुसऱ्या टोळीत जायचं म्हटलं की मुकादम दारात येतो.

मग ग्रीसचा निकाल इथं कोणत्या पुलावरून आणायचा? अनेक याचिका इथंच कच्च्या राहतात. "मानवी हक्क सगळीकडे सारखेच" असं लिहून ढीगभर निकाल जोडले जातात. न्यायाधीश ते बाजूला ठेवतात, आणि तसं करण्यात त्यांची चूक नसते. पूल सामाईक शब्दांचा असावा लागतो. युरोपीय करारात सक्तीच्या कामाची व्याख्या नाही, म्हणून स्ट्रासबर्ग ती आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या २९ क्रमांकाच्या करारातून घेतं: कुठल्याही शिक्षेच्या धाकानं करून घेतलेलं आणि माणसानं स्वेच्छेनं न स्वीकारलेलं काम. हा करार भारतानं १९५४ मध्येच स्वीकारलेला आहे. म्हणजे 'स्वेच्छेनं' या शब्दाचा स्ट्रासबर्गनं लावलेला अर्थ भारतानं सही केलेल्या व्याख्येतल्या शब्दाचा अर्थ आहे. आता सरकारी वकिलांच्या प्रश्नाला उत्तर देता येतं: निकाल बंधनकारक नाही, पण ज्या शब्दांना भारत बांधलेला आहे त्याच शब्दांचं ते विश्लेषण आहे. साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ५२ नुसार भारतानं केलेल्या आंतरराष्ट्रीय करारांची दखल न्यायालयानं स्वतःहून घ्यायची असते, त्यामुळं करार वेगळा पुराव्यानं शाबीत करावा लागत नाही. ही सवलत करारापुरती आहे. परदेशी निकालाची प्रत तुम्हीच द्यायची.

तरीही याचिकेची सुरुवात ग्रीसपासून करू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, ग्रीसच्या निकालापेक्षा पुढची गोष्ट सांगितली आहे. न्यायमूर्ती भगवती यांनी अनुच्छेद २३ मधली 'सक्ती' आर्थिक नाइलाजापर्यंत नेली: किमान वेतनापेक्षा कमी पैशात कुणी राबत असेल तर ते वेठबिगारीच. ग्रीसच्या निकालाच्या ३५ वर्षांआधीचा हा निकाल, आणि आपल्यावर बंधनकारक. त्याच्या आधी परदेशी निकाल लावणं म्हणजे हातातलं चांगलं हत्यार म्यानात ठेवणं. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ तर आणखी थेट आहे. त्याच्या व्याख्येतल्या प्रथांच्या यादीत हैदराबाद संस्थानातली 'भगेला' नावानिशी आहे. कलम ६ नुसार वेठबिगारीचं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. आणि कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजुरानं म्हटलं, तर ते तसं नाही हे शाबीत करायचं ओझं कलम १५ धनकोवर, म्हणजे कर्ज देणाऱ्यावर, टाकतं.

इतकं सगळं घरात असताना ग्रीसचा निकाल लागतोच कशाला? दोन गोष्टींसाठी लागतो, असं आमचं मत आहे. पहिली, "मजूर फिरू शकत होता, बाजाराला जात होता" या बचावाला त्यात नेमकं उत्तर आहे. दुसरी आणि मोठी, सरकारची जबाबदारी. सक्तीचं काम चालल्याची खबर असताना पोलीस आणि कामगार खात्यानं तपास केला नाही, तर तो स्वतंत्र हक्कभंग ठरतो. ही कसोटी तिथं पायरीपायरीनं लावलेली आहे: कायदा होता का, खबर कधी लागली, लागल्यावर काय केलं, तपास खरा होता का. याचिकेत तारखांचा तक्ता याच क्रमानं मांडावा.

मुकादमाच्या व्यवहाराशी जास्त जुळणारा निकाल सान होसेचा आहे. 'हासिएंडा ब्राझील वेर्दे', २० ऑक्टोबर २०१६. ब्राझीलच्या पारा राज्यातल्या त्या शेतावर मजूर आणणारे दलाल आगाऊ पैसे देत, आणि मजूर पोचेपर्यंत अंगावर कर्ज झालेलं असे. न्यायालयानं ब्राझीलला जबाबदार धरलं आणि एक पाऊल पुढं टाकलं: हे मजूर ठरावीक गरीब भागांतून येतात, म्हणून त्यांच्या आर्थिक स्थितीवरून होणारा भेदभाव सरकारनं ओळखायला हवा होता. एकाच पट्ट्यातली तीच गावं दर वर्षी रिकामी होतात, हे दाखवायला हा निकाल कामाचा आहे.

निकाल उलटतो तेव्हा

दाखला देणाऱ्यानं तो पूर्ण वाचलेला असावा, कारण समोरचा वाचणार. चौधरीच्या निकालातच स्ट्रासबर्गनं सांगितलं की ही सक्तीची मजुरी आहे, पण दास्य नाही. मजूर हंगामी होते, आपली अवस्था कायमची आहे असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं. मुकादमाचा वकील हेच वाक्य उचलणार: ऊसतोडही हंगामीच आहे. त्याला उत्तर तथ्यांत आहे. मागच्या तीन हंगामांच्या उचलीचा हिशेब, बाकी पुढं ओढल्याची नोंद, तोच मुकादम, तोच बाँड. वही नसेल तर फोनवरचे पैसे आल्याचे मेसेज, टोळीतल्या दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. एवढं नसेल तर त्या मुद्द्यावर जोर धरू नये.

स्ट्रासबर्गचे निकाल हुडॉक या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. उघडल्यावर आधी बघायचं की तो कुणाचा आहे. तीन न्यायाधीशांची समिती, सातांचं चेंबर, सतरांचं ग्रँड चेंबर; वजन त्या क्रमानं वाढतं. चेंबरचा निकाल लगेच अंतिम होत नाही, पक्षांना तीन महिन्यांत ग्रँड चेंबरकडे जाण्याची विनंती करता येते. इटलीच्या शाळांतल्या क्रुसाच्या 'लाउत्सी' खटल्यात चेंबरनं २००९ मध्ये एकमतानं हक्कभंग ठरवला आणि ग्रँड चेंबरनं २०११ मध्ये १५ विरुद्ध २ मतांनी तो फिरवला. फिरवलेला निकाल टाकला की तुमच्या बाकीच्या दाखल्यांवरचाही विश्वास जातो. मग 'सर्वसाधारण तत्त्वं' या मथळ्याखालचे परिच्छेद शोधायचे. शब्दांचा अर्थ प्रामुख्यानं तिथं असतो. त्याआधीच्या पानांत दोन्ही बाजूंचं म्हणणं असतं, आणि घाईत नेमकं तेच 'न्यायालय म्हणतं' म्हणून छापलं जातं. शेवटी जोडलेली वेगळी मतं अल्पमताची असू शकतात. खटल्याचं नाव, अर्ज क्रमांक, तारीख आणि परिच्छेद क्रमांक या चार गोष्टी नसतील तर तो दाखला समजूच नका. एआयनं दिलेला दाखला तर मूळ जागी जाऊन बघितल्याशिवाय टाइपसुद्धा करू नये.

आणखी एक खड्डा आहे. स्ट्रासबर्गनं 'हक्कभंग नाही' म्हटलं, म्हणजे ती कृती आपल्या संविधानातही बसते असं होत नाही. १९७६ च्या 'हँडीसाइड' खटल्यापासून ते न्यायालय प्रत्येक देशाला निर्णयाची काही मोकळीक देतं, कारण ते देशाबाहेरचं न्यायालय आहे. औरंगाबाद खंडपीठाला तसं अंतर राखायचं कारण नाही. शिवाय मर्यादांची यादी वेगळी असते. आपल्या अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालायची कारणं ठरलेली आहेत, आणि युरोपच्या यादीतलं प्रत्येक कारण त्यात नाही. सरकारनं तिथला निकाल पुढं केला तर पहिला आक्षेप हाच घ्यायचा.

एवढी काळजी घेऊनही दाखला मानला जाईलच असं नाही. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या बाबतीत २०१३ मध्ये दोन न्यायाधीशांनी परदेशी निकाल डोळे झाकून लावता येणार नाहीत असं म्हणून बाजूला सारले. २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांनी तो निकालच रद्द केला आणि स्ट्रासबर्गच्या 'डजन विरुद्ध युनायटेड किंगडम'सारख्या निकालांचा विचार केला. मधल्या काळात, २०१७ मध्ये, नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं होतं. परदेशी निकाल तेच राहिले, घरचा पाया बदलला.

आणि जिथं या निकालांची गरजच नाही तिथं ते नेऊ नयेत. मजूर आज फडावर अडकलेला असेल तर अर्ज काम चाललंय त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो, मग तो फड कोल्हापुरात असो की बेळगावात. त्या अर्जात स्ट्रासबर्ग नको. माणसं किती, लहान मुलं किती, गाव आणि गट क्रमांक, मुकादमाचं नाव आणि फोन, उचल किती आणि कधी, आठवड्याला हातात किती पडतं, गाव सोडायला कोण अडवतं, एवढं एका पानात लिहायचं आणि वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्ती प्रमाणपत्र मागायचं. केंद्राच्या २०१६ च्या योजनेतली पुनर्वसनाची मदत, पुरुषाला एक लाख, बायका-मुलांना दोन लाख, अतिगंभीर प्रकरणांत तीन लाख, त्याच कागदावर अवलंबून आहे. अर्जाची पोच घ्यायची, तारीख-शिक्क्यासकट. अधिकाऱ्यांना खबर कधी लागली हे पुढं खंडपीठात दाखवायला तीच लागते.